इस्क्राने दिलेली तारीख

स्लावेला कुणाला बोलवायचं नसतं. घराच्या संताचा दिवस ओळखीपाळखीच्यांना ठाऊक असतो, दार नुसतं लोटलेलं असतं; ज्याला यायचं तो येतो, आणि ज्याला चुकून एकदा बोलावलं तो मरेपर्यंत दरवर्षी येतो. एवढं शहाणपण आपल्या बहिणीच्या अंगी असेल असं वोयिन इतकी वर्षं धरून चालला होता. निकोल्दानच्या, म्हणजे संत निकोलाच्या दिवसाच्या, भर दुपारी, चौथ्या मजल्यावरच्या आईबाबांच्या घराबाहेर कंपनीतली पोरं रांगेनं बूट काढायला लागली, तेव्हा त्याचा तो गैरसमज दूर झाला.

"तू नक्की काय लिहिलंस सगळ्यांना?" त्याने इस्क्राला कोटांच्या ढिगाआड गाठलं.

"काय लिहिणार? उद्या आमची स्लावा आहे, मी घरी असेन, दार उघडं आहे."

"दार उघडं आहे?"

"म्हणजे काही अडलं तर निःसंकोच फोन करा, अशा अर्थानं."

"अगं, या देशात त्याचा एकच अर्थ होतो! साठ माणसं आहेत आपल्याकडे!"

"बासष्ट. सोमवारी दोघं नवीन आली." मग तिने जिन्याकडे डोकावून पाहिलं. खालच्या मजल्यापर्यंत डोकीच डोकी होती. "बरं, चुकलंच माझं. आता आलेत ते आपले. तू शेजाऱ्यांकडून खुर्च्या आण."

ही इस्क्रा. चूक कबूल करायला तिला कोट काढण्याइतकाच वेळ लागायचा. ना लाज, ना सारवासारव. वोयिनला एखादी चूक आठवडाभर झोपू द्यायची नाही, आणि ही बाई 'चुकलंच' म्हणून मोकळी व्हायची. मोकळी ती व्हायची. खुर्च्या मात्र दुसऱ्याने आणायच्या.

सात वर्षांपूर्वी तिने एका नगरपालिकेला जमिनीखालच्या पाइपांची गळती ऐकणारं यंत्र विकलं होतं, तेही तारखेसकट. यंत्र तेव्हा जगात नव्हतं. विकून घरी आल्यावर तिने थोरल्या भावाला विचारलं, "दादा, असं काही बनवता येतं का रे?" वोयिनने चांगली नोकरी सोडली आणि बनवलं. त्यातून 'उवो' कंपनी उभी राहिली. उवो म्हणजे कान. नाव बहिणीने दिलं, कान भावाने घडवला, आणि फोटो बहिणीचे छापून आले. याबद्दल त्याने कधी तक्रार केली नव्हती. पण तक्रार नव्हती असंही नाही.

आणि आजचीही तारीख तिचीच. शहराच्या सगळ्या पाइपांवर उवोचे कान वसंतातच बसले होते, आणि आज, निकोल्दानला, सकाळपासून ते पाणीखात्याला गळतीचे इशारे द्यायला लागले होते. वोयिन जानेवारीच्या मध्यापर्यंत वेळ मागत होता. "संत निकोला आपला आहे, घेईल सांभाळून," असं म्हणून तिने पाणीखात्याच्या मोम्चिलोसाहेबांना शब्द देऊन टाकला होता.

दारात बाबा उभे होते. ल्युबिशा म्हणजे स्लावेचा यजमान, आणि यजमानाने पाहुणे असेपर्यंत टेकायचं नसतं. कमरेचं दुखणं घेऊन ते ट्रे धरून उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला राकियाचा, फळांच्या कडक दारूचा, छोटा पेला देत होते. "स्लावा सुखाची जावो, यजमान!" असं कुणी म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा, आणि पुढच्या पाहुण्याला बघून पुन्हा जरा पडायचा. स्वयंपाकघरात आई, रादोयका, माशाच्या कढईपुढे कपाळाला हात लावून उभी होती. उपासाचे दिवस, म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही; मासा तेवढा चालतो. कार्प मासा, भाजलेल्या पांढऱ्या घेवड्याची परात, आणि कोबीच्या पानात भात गुंडाळलेल्या सार्मा. सगळं पंचवीस माणसांच्या बेताचं.

"आई, माशाचे तुकडे अर्धे कर," इस्क्रा म्हणाली, "आणि मला दोन मिनिटं दे."

दोन मिनिटांत तिने घर हातात घेतलं. स्कोप्येहून आलेली कलिना तीन महिन्यांत बैठकीत एक शब्द बोलली नव्हती. तिला दाराशी उभं केलं आणि येणाऱ्याला झितो चमच्याने भरवायचं काम दिलं. गोड उकडलेला गहू तोंडात घेतल्याशिवाय स्लावेत पुढे पाऊल टाकायचं नसतं, म्हणजे कलिनाला प्रत्येकाशी बोलणं भाग. आणि कंपनीत ज्याच्या तोंडापुढे कुणाचा टिकाव लागत नाही त्या देयानला कोट सांभाळायला आतल्या खोलीत एकटं बसवलं. वोयिनला ही तिची खोड ठाऊक होती. ज्याला जे येतं ते ती त्याला कधी देत नसे. ज्याला जे येईल असा फक्त तिलाच विश्वास असे, ते देई. निम्म्या वेळा माणूस बुडायचा. उरलेल्या वेळा तो असा काही पोहायचा की बघत राहावं. अर्ध्या तासात कलिना दाराशी खळखळून हसत होती.

"सैन्य चालवते पोरगी," टेबलाच्या टोकाला बसलेले तिहोमीरकाका म्हणाले. हे बाबांचे धाकटे भाऊ. जन्मात कुठलं गुपित त्यांच्या पोटात संध्याकाळपर्यंत टिकलेलं नव्हतं. "पण सैन्य चालवणं वेगळं आणि राज्य चालवणं वेगळं. काय वोयिन?"

वोयिनने हातातला घास बशीत ठेवला. बुधवारी व्हिएन्नाहून केस्लरबाईंचा फोन आला होता. कंपनीत सर्वांत मोठा वाटा त्यांच्या लोकांचा. संचालक मंडळाची इच्छा आहे की कंपनीची मुख्य खुर्ची तुम्ही घ्यावी, त्या म्हणाल्या. इस्क्राबाई राहतील, पण नव्या कामांपुरत्या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो किंवा नाही सांगा, आणि तूर्त कुणाशी बोलू नका. वोयिन फक्त एका माणसाशी बोलला होता. तो माणूस आता घेवड्यात पाव बुडवत सगळ्यांकडे अर्थपूर्ण बघत होता.

"काका, आज नको," वोयिन पुटपुटला.

"मी कुठं काय बोललो? मी म्हणतोय, वडीलकी ती वडीलकी. तू थोरला, तू शांत, तू दिलेला शब्द पाळतोस. तिचे शब्द पाळण्यात तुझे केस पांढरे झाले. कुणाला दिसत नाही का? व्हिएन्नापर्यंत दिसतंय!"

"व्हिएन्नाचं काय?" बाबांनी दारातून विचारलं.

"काही नाही, बाबा. काका तिथली हवा कशी आहे विचारतायत."

तेवढ्यात इस्क्राचा फोन वाजला आणि तिने तो कानापासून हातभर लांब धरला. मोम्चिलोसाहेबांचा आवाज बाहेरच्या खोलीतसुद्धा ऐकू येत होता.

"इस्क्राबाई, माझ्या पडद्यावर सगळं शहर लाल झालंय! सगळं! तुमचं यंत्र म्हणतंय गल्लीगल्लीत पाइप फुटलेत! माझे चार लोक आहेत, मी काय शहर खणून काढू?"

त्यांच्या मागून पेले आपटल्याचे, कुणीतरी गाणं म्हणत असल्याचे आवाज येत होते. साहेबांच्याही घरी निकोल्दानच होता. अर्ध्या सर्बियाचा असतो. उरलेला अर्धा पाहुणा म्हणून जातो.

"साहेब, मला अंधार पडेपर्यंत वेळ द्या."

"अंधार पडला की मी ते यंत्र बंद करतो आणि तुमचा करारही. माझ्या दारात पाहुणे उभे आहेत!"

वोयिन धास्तावला, आणि त्या धास्तीच्या आत कुठेतरी एक बारीकशी गुदगुली झाली. सांगितलं होतं. जानेवारी म्हणून सांगितलं होतं. काकांनी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबला. आता आयतं ताट वाढून आलंय, असं त्या दाबण्याचं म्हणणं होतं. वोयिनला स्वतःची लाज वाटली, पण गुदगुली गेली नाही.

आईबाबांच्या पलंगावर तीन संगणक उघडले गेले. वोयिन मध्ये, भोवती त्याची माणसं. कान बिघडलेत का? नाहीत. जोडणी तुटली? नाही. यंत्रणा वसंत ऋतूपासून शहर ऐकत होती. कुठल्या गल्लीत कुठल्या वारी कुठल्या वेळी किती आवाज असतो हे तिला पाठ होतं. त्याहून जास्त आवाज झाला की लाल. मग आज सगळीकडे जास्त का? वोयिनने तेच आकडे पुन्हा पाहिले, मग पुन्हा पाहिले. एकजण म्हणाला थंडीमुळे असेल. दुसरा म्हणाला, कुणी घुसलंय का आपल्या यंत्रणेत? इस्क्रा दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. तिने कुणालाही उत्तर सुचवलं नाही. फक्त प्रत्येकाला एकच विचारलं, "हे खरं नसेल तर ते आपल्याला कशावरून कळेल?" आणि प्रत्येकाचं म्हणणं पाच मिनिटांत मोडीत निघत गेलं.

शेवटी ती म्हणाली, "दादा, तू ऊठ."

"काय?"

"तू तासभर तोच पडदा बघतोयस. ऊठ. बशा संपल्यात. आईला भांडी घासू लाग."

त्याच्या हाताखालची पोरं संगणकात डोकी खुपसून बसली. उघड्या दारातून काकांनी बघितलं आणि असा चेहरा केला की जणू त्यांनाच कुणी मोरीत पाठवलं.

"कंपनी बुडतेय," वोयिन दात आवळून म्हणाला, "आणि मी भांडी घासू?"

"हो. कलिना, दादाच्या जागी तू बस."

तो उठला. भांडण करावं इतकंही त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन त्याने बाह्या सरसावल्या आणि बशा पाण्यात अशा टाकल्या की दोन फुटल्या. मनात म्हणाला, संध्याकाळी व्हिएन्नाला 'हो' सांगतो. बाईसाहेब, मग बघू कोण कुणाला उठवतं.

आई शेजारी येऊन उभी राहिली. हातातलं फडकं तिने नुसतंच पिळलं.

"तिहोमीर म्हणतोय, तू तिची खुर्ची घेतोयस."

"काकांच्या तोंडाला कुलूप घालायला पाहिजे."

"मी काय विचारतेय?"

"मला विचारलंय, आई. मी अजून काही सांगितलेलं नाही."

"तिला माहितेय?"

"नाही."

आईने फडकं ओट्यावर ठेवलं. "तू घ्यावीस की नाही, मला त्यातलं कळत नाही. कदाचित तूच घ्यायला हवीस. ती वाऱ्यावर स्वार असते, मला दिसतं. पण पाठीमागून घेऊ नकोस, वोयिन. समोरून घे. माझ्या घरात, आजच्या दिवशी, पाठीमागून नको." तिचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवण्यासाठी ती उगाच कढईवर ओरडली.

वोयिनने पुढची बशी नळाखाली धरली. नळाची धार करंगळीएवढी झाली होती. त्याने तोटी पुरती सोडली, तरी तेवढीच. सवयीने त्याने ओला तळवा भिंतीतल्या पाइपावर ठेवला. पाइप घुमत होता. वरच्या घरात नळ चालू होता. त्याच्याही वरच्या घरात. खालीही. त्याने कान लावला. सगळी इमारत शिजल्यासारखी सळसळत होती, आणि त्या सळसळीत वरून बशांचा खणखणाट येत होता. वरच्या मिलेनाबाई. त्यांचाही निकोल्दान. खालचे डॉक्टर. त्यांचाही.

शुक्रवारची दुपार. शुक्रवारी दुपारी वस्त्या ओस पडलेल्या असतात; माणसं कामावर, मुलं शाळेत. हे त्यानेच यंत्रणेला शिकवलं होतं.

"अरे देवा," वोयिन म्हणाला. मग ओरडला, "अरे देवा!"

आईच्या हातून सार्माचं भांडं निसटता निसटता राहिलं.

तो साबणाच्या हातांनीच धावला. पाहुण्यांतून वाट काढत, बाबांचा ट्रे चुकवत, पलंगाच्या खोलीत.

"भांडी! भांडी घासतायत! सगळं शहर भांडी घासतंय!"

मग कलिनाने तोंडावर हात ठेवला.

"निकोल्दान आहे," वोयिनला धाप लागली होती. "अर्धं शहर घरी आहे, प्रत्येक घरात वीस माणसं, सकाळपासून नळ वाहतायत. यंत्रणेने हा दिवस पाहिलेलाच नाही! तिच्यासाठी हा साधा शुक्रवार. मी तिला सणवार शिकवलेच नाहीत. मी! जन्मल्यापासून हाच दिवस पाळतोय आणि माझ्याच डोक्यात आलं नाही!"

इस्क्रा इतकी मोठ्याने हसली की बाहेर गाणाऱ्यांनी गाणं थांबवलं. हसता हसता तिने त्याचे साबणाचे दोन्ही हात धरले. "दादा! अरे, कसला कान आहे आपला! आख्ख्या शहराच्या बशा ऐकल्या त्यानं!"

वोयिनला वाटलं होतं, आता टोमणा येईल. निदान एक नजर तरी. त्याऐवजी तिने मोम्चिलोसाहेबांना फोन लावला.

"साहेब, कारण सापडलं. चूक माझी. निकोल्दानची तारीख मी धरली. माझे मुख्य अभियंता जानेवारी म्हणत होते, मी ऐकलं नाही. तुमच्या घरात आत्ता भांडी घासली जातायत का?"

"सासूबाई घासतायत. का?"

"तुमचीही गल्ली लाल आहे, म्हणून."

मग साहेब म्हणाले, "म्हणजे एकही गळती नाही? तर मग बंद करतो."

"बंदच करूया," वोयिन हळूच म्हणाला. "माफी मागू, जानेवारीत नीट सुरू करू. हेच शहाणपणाचं."

इस्क्राने मान हलवली. तिचे डोळे चमकायला लागले. त्या डोळ्यांनीच सात वर्षांपूर्वी नसलेलं यंत्र विकलं होतं. "साहेब, अंधार पडायला अजून वेळ आहे. थांबा." फोन छातीशी दाबून ती वळली. "सगळीकडे भांडी घासतायत म्हणून लाल, बरोबर? मग मला असं ठिकाण सांगा, जिथं लाल आहे आणि कुणीच भांडी घासत नाहीये."

इतकं सरळ होतं ते. वोयिन माफीच्या विचारात होता म्हणून त्याला दिसलं नव्हतं.

"गल्ल्यांची नावं वाचा!" ती बाहेरच्या खोलीत जाऊन खुर्चीवर चढली. "ऐका! ज्या गल्लीत तुमचं कुणी राहतं, हात वर करा आणि त्यांना फोन लावा. एकच प्रश्न विचारायचा!"

आणि मग ल्युबिशाच्या घरात असा गोंधळ माजला की तसा त्या इमारतीने कधी ऐकला नव्हता.

"मावशी, स्लावा सुखाची! भांडी घासताय का?"

"आजोबा, नाही, मी येत नाहीये, नळ चालू आहे का तेवढं सांगा!"

"सर, मी तुमची जुनी विद्यार्थिनी. तुमच्याकडे भांडी कोण घासतंय? तुम्ही? स्वतः?"

देयान कोटांच्या खोलीतून सुटून आला आणि एका दमात तीन गल्ल्या उरकल्या. कलिना पलंगावरून एकेक लाल ठिपका पुसत होती आणि ओरडून पुढचं नाव सांगत होती. या मुलीचा आवाज एवढा आहे हे कुणाला माहीत होतं? सर्वांत जोरात तिहोमीरकाका होते. शहरात त्यांच्या ओळखीचं नाही असं घर नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या बडबडेपणाचा कुणाला उपयोग होत होता. "इस्क्रा, बाळा, गिरणीमागची गल्ली साफ! सगळे घासतायत! पुढची दे, पुढची!" वोयिनला त्या गडबडीतही हसू आलं. सकाळपासून ज्यांनी त्याची बाजू धरली होती ते काका हा हा म्हणता पलीकडे गेले होते. बाबासुद्धा ट्रे काखेत धरून जुन्या कारखान्यातल्या मित्राला फोन लावत होते. वोयिनने स्वतः चार फोन केले. त्याचं हृदय असं धडधडत होतं, जसं पहिला कान पहिल्या पाइपावर लावला तेव्हा धडधडलं होतं. मागच्या कितीतरी वर्षांत तो असा आनंदला नव्हता, आणि हे त्याच्या त्याच क्षणी ध्यानात आलं.

एकेक ठिपका पुसत शेवटी एकच उरला.

"मोज्यांच्या बंद कारखान्याची गल्ली," कलिना म्हणाली. "तिथं कुणी राहतच नाही."

सगळे वोयिनकडे बघू लागले. त्याने तिथला आवाज कानाला लावला. घरांतले नळ थांबत थांबत वाहतात. हा आवाज सकाळपासून एका दमात चालला होता, बारीक, न तुटणारा. "आहे," तो म्हणाला. "ही खरी आहे. मोठी आहे."

मोम्चिलोसाहेब स्वतः येऊ शकत नव्हते. यजमान पाहुण्यांना टाकून कसा जाणार? पण खोदाईचं यंत्र चालवणारा त्यांच्याकडेच जेवायला आलेला होता, आणि साहेबांच्या सासूबाईंच्या तावडीतून सुटायला मिळतंय म्हटल्यावर त्याने हातातला पेला तसाच ठेवला. इकडे सगळी कंपनी बूट शोधायला लागली. पाहुणेच उठले म्हटल्यावर बाबांनाही बंधन उरलं नाही. त्यांनी कोट चढवला. स्लावेच्या पेटत्या मेणबत्तीपाशी आई तेवढी राहिली. "भिजू नका!" ती जिन्यातून ओरडली, आणि वोयिनकडे नजर लावून उभी राहिली.

बंद कारखान्याच्या गल्लीत बर्फाचा पातळ थर होता. वोयिनने लोखंडी कांब जमिनीला टेकवली, तिच्या टोकाला कान लावला, पाच पावलं सरकला, पुन्हा लावला. "इथे." यंत्राचा दात जमिनीत गेला. साठ माणसं थंडीत श्वास रोखून उभी. माती, खडी, पुन्हा माती. काहीच नाही. खोदणाऱ्याने वळून बघितलं. "अजून," वोयिन म्हणाला. आणखी एक घाव, आणि खड्ड्यातून पाण्याचा असा लोट उसळला की पुढची रांग गुडघ्यापर्यंत न्हाऊन निघाली.

एकच आरोळी उठली. लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. काका बाबांना मिठी मारून रडत होते. इस्क्रा दोन्ही मुठी आभाळाकडे करून चिखलात नाचत होती. आणि नेमका तेव्हा वोयिनच्या खिशात फोन थरथरला.

केस्लरबाई.

तो भिंतीच्या आडोशाला गेला. "तुमचा निर्णय, वोयिनसाहेब?"

त्याने वळून बहिणीकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला. "ही कंपनी तिची आहे. आज मला ती चालवायला दिली असती तर मी दुपारीच बंद केली असती. क्षमा करा." आणि त्याने फोन ठेवला. त्याला हलकं वाटलं, आणि तेवढंच रितंही.

आता समोरून. तो सरळ इस्क्रापाशी गेला. "तुला सांगायचंय. व्हिएन्नाने मला तुझी खुर्ची देऊ केली होती. बुधवारपासून मी ते पोटात घेऊन फिरतोय. आज दुपारी मी 'हो' म्हणणार होतो. आत्ता 'नाही' सांगून आलो."

इस्क्राचं नाचणं थांबलं. "काय सांगितलंस?"

"नाही म्हणून."

"गाढवा!" ती किंचाळली. "अरे गाढवा! तुझं नाव मीच दिलं होतं!"

"तू?" वोयिन म्हणाला.

"मी दोन महिने त्यांच्या मागे लागलेय! त्या म्हणत होत्या, तो स्वतःहून कधी पुढे येत नाही. मी म्हटलं, माझं नाव न घेता विचारा, माझ्या तोंडाकडे बघून तो उत्तर देईल ते मला नको. आणि तू माझ्या तोंडाकडे बघूनच दिलंस!"

"पण का? आज तू जे केलंस ते..."

"आज केलं! रोज कोण करतं? मला आग लागली की सुचतं, दादा. आग नसली की मी लावते. बासष्ट माणसांना आगीत किती दिवस ठेवू? ही माणसं माझ्यामुळे येतात आणि तुझ्यामुळे राहतात, हे मला कळत नाही असं वाटतं तुला?" तिने त्याची बाही धरली. "बुधवारपासून तुझा चेहरा बघतेय. मलाही घास उतरत नव्हता. वाटत होतं, तो नाही म्हणाला तर? आणि हो म्हणाला तरी, माझ्यावर चिडून म्हणाला तर?"

"चिडूनच म्हणणार होतो."

"ठाऊक आहे. भांडी घासायला मीच पाठवलं ना." ती रडत होती आणि हसत होती. "आता बोल. माझ्यासाठी नको. तुला हवी आहे का?"

वोयिनने उत्तर शोधलं नाही, कारण ते समोरच होतं. हवी होती. सात वर्षं हवी होती. "हवी आहे," तो म्हणाला. "पण यापुढे तारीख मी देणार. तू फक्त स्वप्नं द्यायचीस."

इस्क्राने ओठ चावला. "मघाशी मोम्चिलोसाहेबांना मी बोलून बसलेय. मे महिन्यात, जुर्जेवदानच्या सणापर्यंत, आजूबाजूची सगळी गावं."

"इस्क्रा!"

"आता शेवटची! देवाशपथ!"

त्याने व्हिएन्नाला पुन्हा फोन लावला. आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये त्याने सांगितलं की मघाचं उत्तर चुकीचं होतं, आता बरोबर देतोय. केस्लरबाई हसल्या असाव्यात. पाण्याच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

पाणी चढतच होतं. खड्ड्याची कड ढासळली, यंत्राचं एक चाक घसरलं आणि चालकाने घाबरून हाक मारली, "आता काय करू? कुणीतरी सांगा!" सगळ्यांच्या माना सवयीने इस्क्राकडे वळल्या. कलिनाची वळली, देयानची वळली, काकांची तर वळलीच. इस्क्राने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले, एक पाऊल मागे घेतलं आणि भावाकडे पाहिलं. मग एकेक करून त्या साऱ्या माना वोयिनकडे फिरल्या.

बाबा गर्दीतून बघत होते.

"यंत्र मागे घे," वोयिन म्हणाला. मग मोठ्याने, साठ माणसांना ऐकू जाईल असं, "कोपऱ्यावरची झडप बंद करा. देयान, तू जा. बाकी सगळे मागे सरका. आणखी मागे. घाई नाही, पाणी कुठं पळून जात नाही."

आणि सगळे मागे सरकले.